रक्तांतील मिटलेलें पान

विद्यार्थिमित्रहो, रक्तदान-शिबिराचा फलक आपल्यापैकीं प्रत्येकानें केव्हां ना केव्हां पाहिलेला आहे. चौकांत मांडव घातलेला असतो, आंत खाटा मांडलेल्या असतात, आणि रक्त देऊन बाहेर येणाऱ्या गृहस्थांच्या हातांत एक केळें व बिस्किटांचा पुडा असतो. हें रक्त पुढें कोठें जातें, हा प्रश्न मात्र आपल्या मनांत क्वचितच येतो. कांहीं रक्त अपघातांत सांपडलेल्यांस मिळतें, कांहीं शस्त्रक्रियेच्या वेळीं उपयोगी पडतें, आणि कांहीं अशा मुलांकडे जातें कीं, ज्यांना तें जन्मभर घ्यावें लागतें.

कल्पना करा कीं, आपल्याच वर्गांत असा एक मुलगा आहे. तो अभ्यासांत मागें नाहीं, खेळाचीही त्यास गोडी आहे. परंतु दर तीन आठवड्यांनीं एक दिवस त्याची जागा रिकामी राहते. त्याआधींचे दोन-तीन दिवस तो फिकट दिसतो, जिना चढतांना त्यास धाप लागते; आणि एक दिवस गैरहजर राहून तो परत आला म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर पुन्हां टवटवी असते. त्या एका दिवशीं रुग्णालयाच्या खाटेवर पडून त्यानें दुसऱ्या कोणाचें तरी रक्त आपल्या शिरेंत घेतलेलें असतें. त्याच्या रोगाचें नांव थॅलेसेमिया.

या रोगाच्या निमित्तानें शरीरशास्त्राच्या एका नव्या शाखेची ओळख करून घ्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कारण या रोगांत एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. या मुलाचें रक्षण करूं शकेल असें एक निर्दोष जनुक त्याच्या पेशीपेशींत आजही आहे. जन्मापूर्वीं त्यानें आपलें काम चोख केलें होतें. पुढें शरीरानेंच तें बंद करून ठेविलें. तें फाटलें नाहीं, हरवलें नाहीं. ग्रंथांतील एखादें पान मिटून त्यावर लाखेची मोहोर लावावी, तसें तें मिटलेलें आहे. हें पान कां मिटलें आणि तें पुन्हां उघडतां येईल काय, हाच आपला प्रश्न.

आपल्या गांवाशीं या रोगाचा संबंध कसा आला, हें प्रथम पाहूं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ सैनिकांसाठीं मोठी छावणी बांधण्यांत आली होती. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली, आणि सिंध प्रांतांतून घरदार सोडून आलेल्या हजारों कुटुंबांना या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं या वसाहतीची कोनशिला बसविली, आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणीचे आंकडे अजूनही आपल्या पत्त्यांत आहेत. कॅम्प ४ मध्यें राहणारा विद्यार्थी पाकिटावर आपला पत्ता लिहितो, तेव्हां तो नकळत हा इतिहासच लिहीत असतो. त्या लोकांनीं येतांना काय आणलें? फारच थोडें: थोडीं भांडीं, थोडे कपडे, आपली भाषा, आणि पुन्हां उभें राहण्याची जिद्द. त्याबरोबरच डोळ्यांस न दिसणारा एक वारसाही त्यांच्या रक्तांतून आला.

आपल्या देशांत सरासरीनें शंभरांतील तीन ते चार माणसें थॅलेसेमियाचीं वाहक आहेत, आणि दरवर्षीं दहा हजारांच्या वर मुलें हा रोग घेऊन जन्मास येतात, असा अंदाज आहे. सिंधी, लोहाणा, पंजाबी अशा कांहीं समाजांत वाहकांचें प्रमाण या सरासरीहून बरेंच अधिक आहे. एकाच समाजांत सोयरिकी होत राहिल्यानें तें टिकूनही राहिलें आहे. परंतु हा रोग एकट्या सिंधी बांधवांचा आहे, असें इतरांनीं मुळींच समजूं नये. वाहक सर्व समाजांत आहेत. मराठी घरांतही आहेत.

शिवाय वाहक असणें हा कोणाचा अपराध नव्हे. ज्या वर्षीं आपल्या गांवास नांव मिळालें, त्याच १९४९ सालीं जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञानें एक तर्क प्रसिद्ध केला. थॅलेसेमियाचे वाहक हिंवतापापुढें इतरांहून अधिक टिकाव धरीत असावेत, आणि म्हणूनच हिंवतापाच्या मुलखांत हें जनुक पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलें असावें, असा तो तर्क होता. पुढील संशोधनानें त्यास मोठा आधार मिळाला. हे हाल्डेन पुढें भारतांत येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले, आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. तेव्हां ज्या जनुकाविषयीं आज आईबाप दबक्या आवाजांत बोलतात, त्यानेंच एके काळीं त्यांच्या पूर्वजांना तापांतून वांचविलें असण्याचा संभव आहे.

आतां रोगाचें मूळ पाहूं. रक्तास तांबडा रंग देणारें द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. फुप्फुसांत प्राणवायु उचलावा आणि तो अंगभर पोंचवावा, हें त्याचें काम. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनाचा प्रत्येक रेणु मुख्यतः चार सांखळ्यांचा बनलेला असतो; दोन अल्फा नांवाच्या व दोन बीटा नांवाच्या. या सांखळ्या कशा घडवाव्या याची कृति जनुकांत लिहिलेली असते. बीटाची कृति अकराव्या गुणसूत्रावर आहे, आणि प्रत्येकास तिच्या दोन प्रती मिळतात: एक आईकडून व एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम निभतें. अशा मनुष्यास वाहक म्हणतात. तो रोगी नसतो; त्याच्या तांबड्या पेशी थोड्या लहान असतात, इतकेंच. परंतु आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणीं चारांत एक असा संभव असतो कीं, मुलाच्या वांट्यास दोन्ही बिघडलेल्या प्रती याव्या. सिंधी कुटुंबांत वारंवार आढळणारा बिघाड तर मोठा चमत्कारिक आहे: बीटाच्या कृतींतील ६१९ अक्षरांचा एक तुकडाच गळून पडलेला असतो.

बीटा सांखळ्या नसल्या म्हणजे अल्फा सांखळ्यांना जोडीदार मिळत नाहीं. त्या एकट्या पडतात, पेशीच्या आंत सांकळतात, आणि तांबड्या पेशी हाडांच्या मगजांतून, म्हणजे अस्थिमज्जेंतून, बाहेर पडण्यापूर्वींच मोठ्या प्रमाणावर मरतात. म्हणून बाहेरचें रक्त चढवावें लागतें. त्या रक्ताबरोबर लोहही शरीरांत येतें, आणि हें जास्तीचें लोह बाहेर टाकण्याचा मार्ग शरीरास ठाऊक नाहीं. तें हृदयांत, यकृतांत व निरनिराळ्या ग्रंथींत सांचूं लागतें. तें काढण्यासाठीं नेहमीं औषध घ्यावें लागतें. एवढें सर्व नियमानें केलें तर आज अशीं मुलें शिकतात, नोकरी करतात, संसारही थाटतात. पण हा नियम किती खडतर आहे, तें त्या मुलाच्या आईसच विचारावें.

येथें एक शंका कोणाही चौकस विद्यार्थ्याच्या मनांत यावी. बीटाच्या दोन्ही प्रती जर गर्भधारणेपासूनच बिघडलेल्या आहेत, तर मूल जन्मतः आजारी कां नसतें? वस्तुस्थिति अशी आहे कीं, हीं मुलें जन्मतात तेव्हां चांगलीं ठणठणीत असतात. घरांत पेढे वांटले जातात, बारसें होतें. पुढें कांहीं महिने लोटले कीं मूल फिकट दिसूं लागतें, दूध कमी पितें, त्याची वाढ खुंटते; आणि बहुधा दुसरें वर्ष संपण्यापूर्वीं डॉक्टर रोगाचें नांव सांगतात. मध्यंतरींच्या काळांत असें काय घडलें?

याचें उत्तर गर्भाच्या रक्तांत आहे. आईच्या उदरांत असतांना मूल स्वतः श्वास घेत नाहीं. आईच्या रक्तांतून त्यास प्राणवायु ओढून घ्यावा लागतो. त्यासाठीं निसर्गानें त्यास निराळें हिमोग्लोबिन दिलें आहे. त्यांत बीटाच्या जागीं गॅमा नांवाच्या सांखळ्या असतात, आणि तें प्राणवायूस अधिक घट्ट धरतें. जन्माच्या वेळीं बालकाच्या हिमोग्लोबिनांत फार मोठा वांटा या गर्भकालीन प्रकाराचाच असतो. जन्मानंतर गॅमाचें जनुक हळूहळू मिटत जातें, बीटाचें उघडत जातें, आणि मोठ्या माणसांत गर्भकालीन हिमोग्लोबिन बहुधा शेंकडा एकाहूनही कमी उरतें. निरोगी बालकास या बदलाची खबरही लागत नाहीं. थॅलेसेमियाच्या बालकाचें मात्र जुनें दुकान बंद होतें आणि नवें उघडतच नाहीं. गॅमा चालू होतें तोंवर तें सुरक्षित होतें. गॅमा मिटलें आणि रोग प्रकट झाला.

याच्याशीं मिळती गोष्ट १९४८ सालीं अमेरिकेंतील जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनीं हेरली होती. सिकलसेल नांवाच्या दुसऱ्या एका रक्तदोषांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात. हा दोष आपल्याकडे विदर्भांत व आदिवासी भागांत बराच आहे. हा दोष असलेल्यांची नवजात बालकांची अवस्था पाहतां त्या पेशी फार कमी वांकतात, असें त्यांस दिसलें, आणि याचें कारण गर्भकालीन हिमोग्लोबिन असावें असें त्यांनीं सुचविलें. तें अनुमान खरें ठरलें. पुढें असेंही आढळलें कीं, कांहीं थोड्या कुटुंबांत गॅमा जनुक जन्मानंतरही मिटतच नाहीं, आणि तरीही तीं माणसें सुखानें जगतात. म्हणजे तें पान उघडें राहिल्यानें कांहीं बिघडत नाहीं. मग ज्यांना त्याची गरज आहे, त्यांच्या शरीरांत तें उघडतां येणार नाहीं काय?

हें समजण्यास पान मिटतें म्हणजे नेमकें काय होतें, तें पाहिलें पाहिजे. आपल्या डोळ्याची पेशी, कातडीची पेशी आणि यकृताची पेशी यांच्यांत जनुकांचा ग्रंथ एकच असतो. सुमारें वीस हजार कृतींचा हा ग्रंथ डी. एन. ए. नांवाच्या लांबच लांब धाग्यावर चार अक्षरांत लिहिलेला आहे. ग्रंथ एकच, तर मग पेशी निराळ्या कां? आपल्या घरांतील पंचांगाचें उदाहरण घ्या. भटजी त्यांत मुहूर्त पाहतात, शेतकरी पावसाचीं नक्षत्रें पाहतो, आजीबाई एकादशी केव्हां तें पाहतात. पंचांग तेंच, जो तो आपापलें पान उघडतो. पेशीही तसेंच करते. कोणतें पान उघडें ठेवावें व कोणतें मिटावें, याच्या खुणा तिच्या ग्रंथावर केलेल्या असतात. अक्षरें न बदलतां केलेल्या या खुणांचें शास्त्र म्हणजे एपिजेनेटिक्स. मराठींत त्यास अधिजनुकशास्त्र म्हणतां येईल. हा इंग्रजी शब्द कॉनराड वॉडिंग्टन या शास्त्रज्ञानें १९४२ सालीं योजिला. ज्याच्या बालपणींचीं पहिलीं वर्षें आपल्याच देशांत गेलीं होतीं, असा तो गृहस्थ होता. त्या वेळीं जनुक कशाचें बनलेलें असतें, हेंही निश्चित झालेलें नव्हतें. खुणांचें रूप तर पुढें कित्येक वर्षांनीं कळलें.

या खुणा मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. पहिली खूण प्रत्यक्ष अक्षरावर केलेली असते. चार अक्षरांपैकीं सायटोसीन या अक्षरावर एक कर्ब व तीन उज्जन अणूंचा लहानसा गुच्छ चिकटविला जातो; त्यास मिथिल गट म्हणतात. जनुकाच्या आरंभाशीं असे गुच्छ दाट झाले म्हणजे तें जनुक सहसा वाचलें जात नाहीं. दुसरी खूण गुंडाळण्याच्या रीतींत असते. एका पेशींतील डी. एन. ए. उलगडून सरळ केला तर तो सुमारें दोन मीटर भरेल. एवढा धागा सूक्ष्म पेशींत मावावा म्हणून तो हिस्टोन नांवाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. धागा घट्ट गुंडाळला कीं वाचतां येत नाहीं, सैल केला कीं वाचतां येतो. घट्ट करावा कीं सैल, हें रिळांवर लावलेल्या रासायनिक खुणांनीं ठरतें. मोठ्या माणसाच्या रक्तपेशी घडतांना गॅमा जनुकावर मिथिल गुच्छांची मोहोर लागलेली असते व त्याचा धागाही आवळलेला असतो.

येथें या शास्त्राचें महत्त्व ध्यानांत येईल. शाईनें लिहिलेलें अक्षर बदलणें कठीण. पेन्सिलीनें केलेली खूण मात्र पुसतां येते. जनुकांतील बिघाड हें शाईचें काम आहे आणि अधिजनुकीय खुणा हें पेन्सिलीचें.

अर्थात् पेन्सिल चुकीच्या ठिकाणींही चालूं शकते, आणि त्यापासूनही रोग होतात. आपल्या पेशींत वाढीस लगाम घालणारीं जनुकें आहेत. अनेक प्रकारच्या कर्करोगांत असें आढळतें कीं, हीं जनुकें शाबूत असूनही त्यांवर मिथिलची मोहोर लागलेली असते; लगाम आहे, पण हातीं धरलेला नाहीं. आहाराचाही या खुणांशीं संबंध असावा, असें दिसतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व पुढें त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. आपलीं बाळें वजनानें कमी असूनही त्यांच्या अंगीं चरबीचें प्रमाण अधिक असतें, हें त्यांनीं दाखविलें. ज्या मातांच्या रक्तांत बी-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षींच मधुमेहाकडे झुकण्याचीं पूर्वचिन्हें अधिक दिसलीं. शरीरास मिथिल गट पुरविण्याच्या कामीं हींच दोन जीवनसत्त्वें लागतात. म्हणून गर्भावस्थेंतील खुणांशीं याचा संबंध असावा, असें संशोधकांस वाटतें व त्या दिशेनें शोध चालूं आहे.

आतां उपचाराकडे वळूं. प्राग शहरांतील रसायनशास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं अ‍ॅझासायटिडीन नांवाचें द्रव्य तयार केलें. तें सायटोसीन या अक्षराची हुबेहूब नक्कल करतें. पेशी तें खरें अक्षर समजून आपल्या धाग्यांत गोंवते, आणि मिथिलची खूण करणारें विकर त्यावर येऊन अडकून पडतें. मग नव्या धाग्यावर खुणा उमटत नाहींत. १९८० च्या सुमारास हा गुण उघडकीस आला, आणि १९८२ सालीं दोन महत्त्वाचे प्रयोग झाले. प्रथम बबून जातीच्या माकडांत या औषधानें गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढलें. त्यानंतर अमेरिकेंत तीव्र थॅलेसेमियाच्या एका रुग्णास तें थोडे दिवस देतांच त्याच्या शरीरांत गॅमा सांखळ्यांचें उत्पादन कित्येक पटींनीं वाढलें. वर्षानुवर्षें मिटलेलें पान मनुष्याच्या हातून उघडल्याचा तो क्षण होता.

परंतु हें औषध जहाल होतें. तें एकाच पानाची मोहोर काढीत नाहीं. इतरत्रही हात घालतें, शिवाय पेशींनाही इजा करतें. म्हणून थॅलेसेमियाच्या मुलांस नित्य देण्याजोगें तें ठरलें नाहीं. त्याचा उपयोग दुसरीकडे झाला: २००४ सालीं अमेरिकेंत अस्थिमज्जेच्या एका गंभीर रोगासाठीं त्यास मान्यता मिळाली. रिळांवरील खुणांवर काम करणारीं औषधेंही २००६ पासून कांहीं कर्करोगांत वापरलीं जाऊं लागलीं. गॅमा जागें करण्याच्या कामीं हायड्रॉक्सियुरिया हें जुनें व स्वस्त औषध अधिक उपयोगी पडलें. तें प्रामुख्यानें खुणांवर काम करतें असें नव्हे. तरी त्यानें गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढतें. सिकलसेलच्या रुग्णांच्या तीव्र वेदना त्यानें कमी होतात हें १९९५ सालीं सिद्ध झालें, आणि आज विदर्भांतील रुग्णही तें घेतात. थॅलेसेमियाच्या सौम्य प्रकारांत कांहीं जणांस त्याचा लाभ होतो. तीव्र प्रकारांत मात्र तें बहुधा पुरें पडत नाहीं.

मग २००८ च्या सुमारास मोहोर लावणारा प्रमुख हात सांपडला. बी. सी. एल. ११ ए नांवाचें एक प्रथिन गॅमा जनुकाशीं येऊन बसतें, आणि धागा आवळणाऱ्या इतर प्रथिनांस तेथें बोलावून आणतें, असें बोस्टन येथील विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन व इतर संशोधकांनीं दाखविलें. या प्रथिनास रक्तपेशींपुरतें गप्प केलें तर गॅमा आपोआप उघडेल, ही दिशा त्यांतून मिळाली. त्या दिशेनें तयार झालेला कॅसजेव्ही नांवाचा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटननें व थॅलेसेमियासाठीं जानेवारी २०२४ मध्यें अमेरिकेनें मान्य केला. त्यांत रुग्णाच्याच रक्तमूलपेशी काढून घेतात, त्या प्रथिनाचा रक्तपेशींतील चालूकळा तेवढा कापतात, आणि तीव्र औषधांनीं जुनी अस्थिमज्जा रिकामी करून त्या पेशी परत देतात. पुरेसा काळ नजरेखालीं ठेवलेल्या ३५ रुग्णांपैकीं ३२ जणांस निदान सलग वर्षभर बाहेरचें रक्त लागलें नाहीं. येथें पेन्सिलीची खूण न पुसतां खूण करणाऱ्या हाताचीच सोय काढून घेतली आहे; पण उघडतें तें पान तेंच, गर्भावस्थेंतलें.

हें वाचून कोणाही आईबापांच्या मनांत आशा उत्पन्न होईल, आणि ती व्हावीही. पण खरी स्थिति सांगणें हें लेखकाचें कर्तव्य आहे. अमेरिकेंत या उपचाराची जाहीर किंमत बावीस लाख डॉलर आहे. आज आपल्या आवांक्यांतील पूर्ण बरें करणारा उपाय म्हणजे सख्ख्या भावाबहिणीची जुळणारी अस्थिमज्जा लहानपणींच रोपण करणें. एका भावंडाची अशी जुळणी होण्याचा संभव चारांत एक असतो. बोरिवली येथें मुंबई महानगरपालिकेनें यासाठीं स्वतंत्र केंद्र उभारलें आहे, आणि २०१७ सालीं सुरू झालेल्या कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बालसेवा योजनेंतून अशा रोपणासाठीं दहा लाख रुपयांपर्यंत मदत देण्याची सोय झाली.

आणखी एक सावधगिरीची सूचना. एपिजेनेटिक्स हा शब्द आतां बाजारांतही ऐकूं येतो. अमुक चूर्ण घेतल्यानें जनुकें बदलतील, अमुक विचार केल्यानें आनुवंशिक रोग जाईल, असें सांगणारे पुष्कळ आहेत. वाचकहो, ज्या पानाची मोहोर काढण्यास जगांतील उत्तमोत्तम प्रयोगशाळांस चाळीस वर्षें लागलीं, ती पुडींतल्या चूर्णानें निघत नसते. अशा आशेपायीं मुलाचें रक्त चढविणें किंवा लोहाचें औषध बंद करणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळ होय.

तोंपर्यंत आपल्या हातीं काय आहे? आहे, आणि तें थोडें नाहीं. रक्ताची एक साधी तपासणी असते; तींत हिमोग्लोबिन ए-२ या प्रकाराचें प्रमाण पाहतात. तें शेंकडा साडेतीनांहून अधिक असलें तर मनुष्य बहुधा वाहक असतो. ही तपासणी जन्मांत एकदां व्यवस्थित झाली कीं पुरे. ती विवाह ठरण्यापूर्वीं झालेली उत्तम; तशी झाली नसेल तर गर्भारपणाच्या अगदीं आरंभीं तरी व्हावी. पति-पत्नींपैकीं एकच वाहक असेल तर मुलास तीव्र थॅलेसेमिया होण्याचें भय नसतें. मात्र दुसऱ्याच्या तपासणींत इतरही हिमोग्लोबिनदोष, जसें सिकलसेल, पाहून घ्यावेत. दोघेही वाहक असले तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. परळ येथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, आणि विठ्ठलवाडीहून तेथवर जाण्यास लोकल गाडी पुरते. पुढचा निर्णय त्या कुटुंबानें आपल्या विवेकास स्मरून घ्यावयाचा आहे. पण तो अज्ञानांत घेतला जाऊं नये. सायप्रस व सार्डिनिया या बेटांत पूर्वीं हा रोग घरोघरीं होता. तेथील लोकांनीं तपासणीची रीत मनापासून स्वीकारली, आणि अशा मुलांचे जन्म अगदीं विरळ झाले.

पालकांस येथें नम्रपणें दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलास अशक्तपणा दिसला कीं लोहाचें औषध सुरू करण्याची आपली संवय आहे; परंतु वाहकाचें रक्तही किंचित् कमी दिसतें, आणि त्याचें कारण लोहाची उणीव हेंच असेल असें नाहीं. आधीं तपासणी, मग औषध. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलगी वाहक आहे हें कळलें तर तिची सोयरीक मोडेल, या भीतीनें पुष्कळ घरीं तपासणीचा कागद कपाटांत लपविला जातो. पण लपविलेला कागद पुढें पाळण्यांत उघडतो. वाहक मुलीस किंवा मुलास कोणताही रोग नाहीं. त्यांना निकोप संसार करतां येतो. पत्रिका जुळविण्यास आपण जितके तत्पर असतों, तितकेच रक्ताचा कागद जुळविण्यास झालों, तर लाजेचें कारणच उरणार नाहीं.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठींही कामें आहेत. वयाचीं अठरा वर्षें पूर्ण होतांच व प्रकृति योग्य असल्यास रक्तदान करा. तुमच्यापैकीं कोणी रसायनशास्त्राकडे किंवा वैद्यकाकडे वळणार असेल, तर हा प्रश्न अजून सुटावयाचा आहे हें लक्षांत ठेवा: तें एकच पान, दुसऱ्या कोणत्याही पानास धक्का न लावतां, साध्या गोळीनें व गरिबास परवडेल अशा किंमतींत उघडावयाचें आहे. ही गोळी आपल्याच गांवच्या बाकांवर बसलेल्या एखाद्या मुलीनें किंवा मुलानें शोधून काढणें अशक्य नाहीं.

आणि जोंवर ती सांपडली नाहीं तोंवर, दर तीन आठवड्यांनीं ज्याची जागा रिकामी राहते असा सोबती तुमच्या वर्गांत असेल, तर त्याच्या त्या दिवसाच्या टिपणांची वही लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशीं तो आला म्हणजे कोठें होतास, असें चार जणांत विचारूं नका. वही त्याच्यापुढें ठेवा आणि त्यास आपल्या शेजारीं बसवून घ्या.